एका भिक्षुसंघाचे शांतिव्रत

इसवी सन 1933 च्या ऑक्टोबरात, सेवाग्राम अद्याप वसावयाचे असताना, वर्ध्यास गांधीजींच्या भेटीला एक जपानी भिक्षू आले. निचिदात्सु फुजी हे त्यांचे नाव. तेराव्या शतकातील निचिरेन आचार्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या ‘निप्पोनझान म्योहोजी’ या संघाचे ते संस्थापक. पंख्याच्या आकाराचे, एका अंगाने कातडे मढविलेले हातढोल वाजवीत, ‘नामु म्योहो रेंगे क्यो’ या शब्दांनी सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करीत पायी चालत राहणे, ही या संघाची मुख्य साधना. गांधीजींना ती भावली, आणि पुढे तो घोष आश्रमाच्या प्रार्थनेत कायमचा सामील झाला.

ज्या दिवशी फुजी यांना साठ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, म्हणजे 6 ऑगस्ट 1945 रोजी, हिरोशिमावर अणुबाँब पडला. त्यानंतर त्यांनी आपले उर्वरित आयुष्य अण्वस्त्रांच्या निषेधास वाहिले. 1954 साली कुमामोतो येथे संघाचा पहिला शांतिस्तूप उभा राहिला. 1969 साली राजगीरच्या रत्नगिरीवर विश्वशांतिस्तूपाचे उद्घाटन झाले.

परंतु या संघाचा खरा कस स्तूपांपेक्षा रस्त्यावर लागला. तोक्योजवळील सुनागावा गावच्या शेतकऱ्यांची जमीन अमेरिकी विमानतळाच्या विस्तारासाठी संपादन करण्याचे सरकारने ठरविले, तेव्हा 1956 च्या ऑक्टोबरात मोजणीदारांच्या संरक्षणार्थ आलेल्या पोलिसांपुढे शेतकरी आणि विद्यार्थी यांच्याबरोबर पिवळी वस्त्रे ल्यालेले हे भिक्षूही ढोल वाजवीत बसले. लाठ्या पडल्या, पण उलट हात कोणा भिक्षूने उगारला नाही. अखेर मोजणी थांबवावी लागली आणि कालांतराने विस्ताराची योजनाच सोडून देण्यात आली. 1982 साली संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्रीकरणविषयक दुसरे विशेष अधिवेशन भरले, तेव्हा संघाच्या भिक्षूंनी अमेरिका पायी ओलांडून न्यूयॉर्क गाठले. 12 जूनला त्या शहरात सुमारे दहा लाख लोक अण्वस्त्रांविरुद्ध एकत्र आले.

राजकारणधुरंधर म्हणतील, ढोल वाजवून क्षेपणास्त्रे वितळत नाहीत. आणि ते खरेही आहे. शस्त्रांची संख्या घटते ती तहनाम्यांनी, तपासणीच्या कलमांनी, रात्र रात्र चालणाऱ्या वाटाघाटींनी. पण 1963 चा अणुचाचणीबंदीचा करार घ्या, की 1968 चा अण्वस्त्रप्रसारबंदीचा. आपले परमहित धोक्यात आले असे ज्या राष्ट्राला वाटेल त्याने तीन महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी आणि मोकळे व्हावे, अशी मुभा दोन्हींत लिहिलेली आहे. राज्यांच्या शब्दाला ही मर्यादा राहणारच. भिक्षूच्या व्रताला मात्र असे सुटकेचे कलम नसते. म्हणून सरकारे बदलली, शीतयुद्ध कधी तापले, कधी निवले, तरी हे लोक चालतच राहिले, आणि करारासाठी जो लोकमताचा दाब लागतो तो त्यांनी अल्पबळाने, पण अखंडपणे जागता ठेवला.

1985 च्या जानेवारीत, शंभरीच्या उंबरठ्यावर, फुजी निवर्तले. त्याच वर्षी लंडनच्या बॅटरसी उद्यानात टेम्सकाठी त्यांच्या संघाचा स्तूप लोकार्पित झाला. करार लिहिणाऱ्यांच्या कौशल्याइतकीच या व्रतस्थांच्या चिकाटीचीही जगाला गरज आहे, आणि निःशस्त्रीकरणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी परराष्ट्रखात्यांच्या दफ्तरांबरोबर या पदयात्रांचाही मागोवा घेतला पाहिजे.