लहान कुत्र्यांची हृदयशस्त्रक्रिया : एक उशिरा आलेली विद्या

शरीरातील रक्त काही काळ हृदय आणि फुप्फुसे यांना वगळून यंत्राने फिरवता येते, हे विसाव्या शतकात मुख्यतः कुत्र्यांवरील प्रयोगांतून सिद्ध झाले. 1920 च्या दशकात सोव्हिएत रशियातील सर्गेई ब्रुखोनेन्को यांनी रक्तात प्राणवायू मिसळण्यासाठी दुसऱ्या कुत्र्याचे काढलेले फुप्फुसच यंत्राला जोडले. अमेरिकेत जॉन गिबन यांनी आपले यंत्र मांजरांवर आणि मग कुत्र्यांवर पारखले आणि 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात त्याच्या आधारे मानवी हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. रक्त गोठू न देणारे हेपरिन, ज्याच्याविना असे यंत्र चालणे कठीण, तेही 1916 मध्ये कुत्र्याच्या यकृतातूनच हाती आले होते. तरीही खुद्द कुत्र्याच्या आजारावर ही विद्या नियमितपणे वापरली जाण्यास आणखी अर्धे शतक लागले, आणि याचे खापर केवळ माणसाच्या स्वार्थावर फोडणे न्याय्य ठरणार नाही.

लहान जातींच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधील मायट्रल झडप जाड व गाठाळ होते, तिची पाती धरून ठेवणारे तंतू लांबतात किंवा तुटतात, आणि रक्त उलटे फिरू लागल्याने अखेर फुप्फुसांत पाणी साचते. औषधांनी हृदयावरचा भार हलका होतो, पण झडप दुरुस्त होत नाही. खरी अडचण आकाराची होती : 3 किलोंच्या चिवावाच्या अंगात जेमतेम पाव लिटर रक्त असते, आणि मोठ्यांसाठी बनवलेल्या यंत्राच्या नळ्या भरण्यासच त्याहून अधिक द्रव लागत असल्याने ते रक्त घातक प्रमाणात पातळ होई. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात ख्रिस्तोफर ऑर्टन यांनी झडपदुरुस्तीचे प्रयत्न केले, तरी अगदी चिमुकल्या कुत्र्यांचा प्रश्न शिल्लकच राहिला.

तो सोडवला जपानमधील निहोन विद्यापीठाच्या मासामी उएची यांनी, आणि शहरी घरांत चिमुकली कुत्री पाळणाऱ्या देशात हे घडावे यात नवल नाही. त्यांनी यंत्राचा रक्तमार्ग आखूड केला, सैल पडलेले झडपेचे कडे टाक्यांनी आवळले, आणि तुटलेल्या तंतूंच्या जागी मानवी शस्त्रक्रियेत रुळलेले कृत्रिम धागे बसवले. 2006 ते 2009 या काळातील 48 कुत्र्यांचा वृत्तान्त त्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी 45 कुत्री जिवंत घरी परतली. पुढे उएची यांनी योकोहामात स्वतंत्र हृदयरुग्णालय उभारले, आणि परदेशांतील पशुवैद्यक हे तंत्र त्यांच्याकडून शिकू लागले.