खानदेशातलं भाडं आणि जागा

1819 साली धुळ्यात घर बांधायला निघालेल्या माणसाला जागा विकत घ्यावी लागत नव्हती. मुंबई-आग्रा रस्त्यावर खानदेशचं ठाणं वसवायचं ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या मनात होतं, आणि त्या वेळच्या धुळ्यात घरं होती 401, माणसं अडीच हजार. त्याने व्यापाऱ्यांना, कारागिरांना कायमची बिनभाड्याची जागा दिली, वर बांधकामाला उचलही दिली. जोखीम सरकारने घेतली आणि गाव वाढल्यावरचा नफा घरमालकाकडे राहिला. भाड्यासाठी घर घेणारे आजही त्याच नफ्याची आशा धरतात, पण जागेची पूर्ण किंमत मोजून. हा फरक हिशेबात क्वचितच धरला जातो. खानदेशचा इतिहास पाहिला तर घरमालकाला सुबत्ता आली ती मुख्यतः जागेच्या वाढत्या किमतीमुळे. भाड्याचा वाटा त्यात लहान. आणि त्याला बुडवणाऱ्या गोष्टी बहुधा त्याच्या हाताबाहेरच्या होत्या.

जळगावचंच बघा. अमेरिकेत यादवी पेटली आणि तिथला कापूस अडला, तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि रेल्वेमुळे जळगाव कापसाची मोठी पेठ झालं. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, गावाला जबर फटका बसला. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि गिरणी आल्याने गाव सावरलं, तरी मजुराची मजुरी कापसाच्या बाजाराला बांधलेली आणि खोलीचं भाडं त्या मजुरीला. 1906 मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठाणं बनलं. मला हा निर्णय कापसाच्या तेजीपेक्षा मोलाचा वाटतो: कचेरीतला कारकून पगारी, आणि त्याची बदली झाली की जागेवर दुसरा येणारच.

बाजाराखेरीज आणखी एक जोखीम कायद्याची. मुंबई प्रांताच्या 1947 च्या भाडेकायद्याने जुन्या घरांचं प्रमाणभूत भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवलं. घरटंचाईच्या त्या काळात भाडेकरूला आधार द्यायलाच हवा होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. चूक झाली ती तात्पुरता उपाय पन्नास वर्षं रेटण्यात. खानदेशी धाब्याच्या घराला पावसाळ्यापूर्वी माती टाकावी लागते. गोठलेल्या भाड्यात तो खर्च कोण करणार? घर गळू लागलं, तेव्हा भाडेकरूचंही नुकसानच झालं. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेही या गोठवणीच्या तरतुदी आता अवाजवी झाल्याचं म्हटलं.

यावर कुणी म्हणेल, महाराष्ट्राच्या 1999 च्या नव्या भाडेकायद्याने हे संपवलं. बरंचसं खरं आहे. भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येतं, आणि नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार संपला की जागा परत मागता येते. नोंदणीची जबाबदारी मात्र मालकाची. पण 1973 च्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारीला जागेत असलेल्या लायसन्सधारकांना एका फटक्यात भाडेकरू केलं होतं, हे विसरून चालत नाही. कागद पक्का असला तरी तो कायदेमंडळाला बांधून ठेवत नाही.

म्हणून धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या रिंगरोडला फ्लॅट पाहणाऱ्याने किंमत वाढेल हे आधी बाजूला ठेवावं. वर्षाच्या भाड्यातून घरपट्टी, देखभाल, दुरुस्ती आणि एखादा रिकामा महिना वजा करावा. उरलेलं बँकेच्या ठेवीच्या व्याजापेक्षा कमी भरलं, तर तो जागेवर सट्टा लावतोय. जागा आजवर वाढलीच ना, हा आक्षेप बिनतोड दिसतो. पण ती वाढ ज्यांना मिळाली त्यांच्याकडे अख्खा प्लॉट होता. फ्लॅटवाल्याच्या वाट्याला जमिनीचा तुकडा छोटा, तोही सगळ्यांच्या सामाईकीत, आणि इमारत दरवर्षी जुनी होत जाणारी.