विषयावर बंदी की वागण्यावर? १८४८ सालचा एक नियम आणि आपले हौशी गट

पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या जिल्ह्यात गड-किल्ले, जुनी नाणी, शिलालेख यांची आवड असणाऱ्यांचे बरेच गट झालेत. कुणाला पगार नाही, मानधन नाही. रविवारी परंडा नाहीतर नळदुर्ग गाठायचा, फोटो काढायचे आणि मग आठवडाभर मोबाईलवर चर्चा. त्यातली चर्चाच सगळ्यात अवघड होऊन बसलीय. एका गटातून मोडी वाचणारे निवृत्त गुरुजी निघून गेले. कारण? पुराव्यावर बोलायचं सोडून कुणीतरी त्यांच्या आडनावावर बोललं. आता त्या गटाकडे मोडी कागदांचे फोटो आहेत, वाचणारा कुणी नाही.

मग गटाने नियम करायचं ठरवलं आणि मसुदा माझ्याकडे दिला. पहिलाच नियम होता : ‘धर्म, जात आणि राजकारण यावर कुणी बोलायचं नाही.’

हा नियम काही आजचा नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी सभा काढली. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. सगळं स्वखुशीचं काम. निबंध वाचायचा, मग त्यावर चर्चा. पण धर्म आणि राजकारण हे विषय वर्ज्य. याला कारणही होतं. १८३९ मध्ये दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरून अख्खी मुंबई ढवळून निघाली होती. धर्माचा विषय निघाला तर सभाच मोडेल ही भीती खरी होती.

त्या नियमाचा फायदाही झाला. वेगवेगळ्या जातीधर्माची पोरं एका छताखाली बसली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी अशी माणसं या वर्तुळातली. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

आता याचीच दुसरी बाजू बघा. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. आणि १८४९ च्या सुमारास मुंबईत जी परमहंस सभा गुप्तपणे सुरू झाली, तिच्यामागेही हेच दादोबा. तिथे जातिभेद मोडण्याची चर्चा व्हायची. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. म्हणजे जे उघड सभेत बोलता येत नव्हतं, ते दारं लावून बोललं जात होतं. १८६० च्या आसपास सभेची कागदपत्रं बाहेर गेली, नावं फुटण्याच्या भीतीने माणसं पांगली आणि सभा संपली. पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उघडपणे उभा राहिला. दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग त्याच्या संस्थापकांपैकी एक.

यातून मला एवढंच कळतं, की विषय बंद केला म्हणून तो संपत नाही. तो आडोशाला जातो. आणि आडोशाच्या बोलण्याला उघडपणे उत्तर देता येत नाही.

आपल्याकडे तर हा नियम चालणारच नाही. धाराशिव लेणी घ्या. मुळात बौद्ध, पुढे जैन, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेरचं विटांचं त्रिविक्रम मंदिर मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं काहींचं मत, ते काहींना मान्य नाही. नळदुर्गचा पाणीमहाल आदिलशाहीतला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, म्हणजे रझाकारांचा विषय आलाच. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, त्यावरचा वाद तुम्हाला मी काय सांगू! धर्म, जात, राजकारण वजा केलं तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात उरतं काय? दगड आणि तारखा.

म्हणून बंधन हवं ते वागण्यावर. आपल्याकडे याचा विचार फार जुना आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी तो वाद, नुसतं जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत बसायचं ती वितंडा. वितंडवाद हा शब्द त्यातूनच आलाय. म्हणजे वाद हा शब्द मुळात चांगला. आपणच त्याचा अर्थ भांडण असा करून टाकला.

दुसरं उदाहरण इतिहासाचार्य राजवाड्यांचं. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं, त्याच्या संस्थापकांपैकी ते एक. माणूस काही गोड बोलणारा नव्हता. पण अस्सल कागद दाखवा, मग बोला, हा त्यांचा आग्रह. गावोगाव पायपीट करून जमवलेली कागदपत्रं त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या खंडांतून छापली, ती इतरांना तपासता यावीत म्हणून. कागद मधे ठेवला की बोलणं कागदावर होतं, नाहीतर ते माणसावर घसरतं.

मी मसुद्यात पहिला नियम खोडून हे सुचवलंय :

१. विषय कुठलाही चालेल. माणसाच्या जातीवर, आडनावावर, वयावर, शिक्षणावर बोलणं चालणार नाही.
२. दावा केला की आधार द्यायचा. पुस्तक, शिलालेख, कागद, काहीही. नसेल तर ‘ऐकीव आहे’ असं सरळ लिहायचं. ऐकीव असण्यात लाज नाही.
३. खोडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. जुने पंडित याला पूर्वपक्ष म्हणायचे.
४. कुणाचा मजकूर काढला तर का काढला ते सगळ्यांसमोर सांगायचं. अॅडमिनलाही हेच नियम.

काही जण म्हणतील, इतक्या नियमांनी मजा जाते. असेल. पण गुरुजींसारखी माणसं गेल्यावर कसली मजा राहते? फुकट वेळ देणारा माणूस अपमान झाला की तक्रार करत नाही, नुसता निघून जातो. त्याचं ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

पुढच्या रविवारी परंड्याच्या किल्ल्यात बसून हा मसुदा पक्का करायचं ठरलंय. गुरुजींनाही निरोप दिलाय, बघू येतात का. तुमच्या गटात असे काही नियम आहेत का? असतील तर खाली लिहा. आणि माझं पटलं नसेल तर तेही लिहा, फक्त आधारासह!