मोटारसायकली, जुन्या व दुर्मिळ
ज्या दुचाकीस ५० वर्षे पूर्ण झाली आहेत व जिचे मूळ स्वरूप कायम आहे, तिची भारतात २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ वाहन म्हणून नोंदणी होते. सांगाडा किंवा एंजिन यांत मोठे फेरबदल केलेले वाहन अपात्र ठरते. म्हणून अशा वाहनांची दुरुस्ती म्हणजे त्यांच्या ओळखीचे जतनही होय.

मद्रास येथील एन्फील्ड बुलेट (१९५५ पासून) व म्हैसूर येथील जावा (१९६१ पासून) यांची सुरुवातीची वाहने या वयोमर्यादेत बसतात. औरंगाबादजवळ (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. १९८६ मध्ये या कंपनीची, जपानच्या कावासाकीच्या सहकार्याने बनविलेली केबी १०० ही दोन-धावी मोटारसायकल बाजारात आली. २००० पासूनच्या कडक उत्सर्जन मानकांमुळे दोन-धावी मोटारसायकली मागे पडत गेल्या.

ओळख पटविताना सांगाड्यावर व एंजिनावर कोरलेले क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहतात. दोन-धावी एंजिनात वंगणतेल इंधनाबरोबर जळते व काजळी साचते. स्पार्क प्लग काळवंडल्यास एंजिन सुरू होण्यास अडखळते; सायलेन्सर तुंबल्यास शक्ती घटते. दोन्ही दोष बहुधा साफसफाईने दूर होतात. तेवढ्यासाठी एंजिनच बदलल्यास वाहन चालते, पण त्याचे मूळपण जाते. १९८६ ची केबी १०० २०३६ मध्ये ५० वर्षांची होईल. तोवर मूळ एंजिनासह टिकलेलीच या नोंदणीस पात्र ठरेल.