जुन्या क्रिकेट-चित्रांचें साल

जुन्या घराच्या दिवाणखान्यांत, देवादिकांच्या तसबिरींच्या शेजारीं, एखादें पिवळट पडलेलें सांघिक छायाचित्र टांगलेलें असतें. मधल्या खुर्चीवर कोणी एक भरघोस मिशांचे गृहस्थ, त्यांच्या दोहों बाजूंस चारपांच जण, मागें उभ्यांची रांग, पुढें सतरंजीवर मांडी घालून बसलेले दोन पोरसवदा खेळाडू आणि त्यांच्यापुढें फुली करून ठेवलेल्या दोन बॅटी. घरांतील वडील मंडळी अभिमानानें सांगतात, 'हे आमचे आजोबा.' पण चित्र कोणत्या सालचें, असें विचारलें म्हणजे उत्तर येतें, 'असेल लढाईच्या सुमाराचें.' कोणत्या लढाईच्या, तें मात्र कोणासच सांगतां येत नाहीं.

ही चौकशी रिकामटेकडी नव्हे. महाराष्ट्रांत क्रिकेट रुजलें तें जातिधर्मांच्या संघांतून रुजलें. पारशी, हिंदु, मुसलमान, युरोपियन असे संघ वेगवेगळे. त्यांची मैदानें आणि जिमखाने वेगवेगळे. अशा समाजांत चित्रामध्यें कोण बसला आहे, कोण उभा आहे आणि मधली खुर्ची कोणास मिळाली आहे, ह्याला अर्थ असतो. आणि साल दहा वर्षांनीं चुकलें कीं तो अर्थच पालटून जातो.

प्रथम कागद पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील बहुतेक चित्रें अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर छापलेलीं असत. असा कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा लागे आणि कालांतरानें त्यावर बदामी-तपकिरी झांक येई. शतक पालटण्याच्या सुमारास हा प्रकार मागें पडला आणि जिलेटिनचा करड्या-काळ्या छटेचा कागद आला. जुना झाल्यावर त्याच्या गडद भागांवर तिरप्या उजेडांत रुपेरी चकाकी दिसते. पुठ्ठ्यावर छायाचित्रकाराचें नांव असल्यास तेंही उपयोगी पडतें. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ ह्यांनीं मुंबईस आपली चित्रशाळा काढली ती १८९६ सालीं. तेव्हां पुठ्ठ्यावर मुंबईचा पत्ता असेल, तर तो पुठ्ठा त्यापूर्वींचा नव्हे. दीनदयाळ १९०५ सालीं वारले. परंतु त्यांचें नांव पुढेंही चालूं राहिलें, म्हणून ह्या पुराव्यानें खालची मर्यादा ठरते, वरची ठरत नाहीं. शिवाय जुन्या कांचेवरून नवी प्रत केव्हांही काढतां येते. कागद प्रतीचें वय सांगतो. खेळाडूंचें वय सांगण्यास त्यांचे कपडेच लागतात.

कपड्यांत सर्वांत बोलकें तें डोक्यावरचें. पारशाची पगडी, ब्राह्मणाची पुणेरी पगडी, मराठ्याचा फेटा, मुसलमानाची रुमी टोपी, साहेबाची सोला हॅट हीं सर्व एकाच मैदानाच्या कडेला सांपडतात. मात्र हीं शिरोभूषणें इतकीं वर्षें टिकलीं कीं त्यांवरून जात कळते, साल कळत नाहीं. ह्याला ठळक अपवाद एकच, तो म्हणजे पांढऱ्या खादीची गांधी टोपी. ती १९२० च्या असहकारितेबरोबर सर्वत्र पसरली. प्रेक्षकांत अशा चार टोप्या दिसल्या कीं घरचे लोक चित्राला '१९१० चें' म्हणत असले तरी तें मान्य करतां येत नाहीं. मनगटावरचें घड्याळ हाही असाच साक्षीदार होय. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं पुरुषांच्या मनगटावर तें क्वचितच दिसे. घड्याळ खिशांत आणि त्याची सांखळी छातीवर, अशी रीत होती.

खेळाचें साहित्य त्या मानानें कमी प्रामाणिक आहे. यष्टींची उंची २७ इंचांची २८ आणि रुंदी ८ इंचांची ९ झाली ती १९३१ सालीं. परंतु छायाचित्रावर एक इंच मोजीत बसण्यांत अर्थ नाहीं. बोटांच्या पाठीवर रबरी नळ्या शिवलेले हातमोजे एकोणिसाव्या शतकांतही होते आणि पुढें कित्येक वर्षें टिकले. खेळाडूच्या हालचालीवरून मात्र कांहीं कळतें. १८८० च्या सुमारास कोरड्या कांचा प्रचारांत आल्या, तोंपर्यंत धांवता माणूस चित्रांत नीट पकडणें दुरापास्तच होतें. इंग्लंडांत बेल्डम ह्यानें फलंदाजांचीं ऐन फटक्याच्या क्षणाचीं चित्रें घेऊन १९०५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं, तेव्हां लोकांना नवल वाटलें. अलीकडील चित्रांना एवढी यातायात नको. फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण असेल तर चित्र १९७८ च्या सुमाराचें किंवा त्यानंतरचें समजावें. कसोटी सामन्यांत तें प्रथम त्याच वर्षीं दिसलें.

ह्या सर्व खुणांना एक नियम लागू आहे. चित्रांतील जुनी वस्तु कांहींच सिद्ध करीत नाहीं. सर्वांत नवी वस्तु काय ती विचारांत घ्यावी. मुंबईस टाकाऊ झालेली बॅट पुण्यास जाते, पुण्याची तालुक्याच्या शाळेंत जाते आणि तेथें सुतळी गुंडाळून आणखी दहा वर्षें खेळते. आजोबांचा कोट नातू घालतो. म्हणून शहरचा नियम खेड्याला लावतांना हात आंखडता घ्यावा लागतो.

मराठवाड्यांत तर आणखी एक गुंता आहे. बीड जिल्ह्यांतील, सिंदफणेच्या कांठचें माजलगांव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. अशा गांवच्या शाळेचें एखादें क्रिकेटचें चित्र हातीं आलें असें समजावें. मध्यें शेरवानी आणि रुमी टोपी घातलेले मास्तर, भोंवतीं अनवाणी मुलें, साऱ्या संघांत मिळून पॅडची एकच जोडी. आणि पुढें ठेवलेल्या पाटीवर उर्दू अंकांत १३४८. हें साल कोणतें? हिजरी धरलें तर तें १९२९ च्या जूनमध्यें सुरू होतें. परंतु हैदराबादच्या सरकारी कारभारांत फसली सन चाले, आणि त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. त्या हिशेबानें १३४८ फसली म्हणजे १९३८ च्या ऑक्टोबरपासून पुढचें वर्ष. फरक नऊ वर्षांचा! शेरवानी आणि टोपी दोन्ही काळांत सारखीच, त्यामुळें कपडे येथें मुके आहेत. अशा वेळीं पाटीवर महिना लिहिला आहे का, तें भिंग घेऊन पाहावें. हैदराबादच्या फसली वर्षाच्या महिन्यांचीं नांवें फारसी आहेत, आझुर, दै, बहमन अशीं. 'बहमन' असेल तर सन फसली आणि हंगाम १९३८ च्या डिसेंबरच्या सुमाराचा. 'रजब' असेल तर सन हिजरी.

आतां ही नऊ वर्षें क्षुल्लक नव्हेत. १९३८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानांत स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह चालूं होता, आणि औरंगाबादेच्या व हैदराबादच्या विद्यार्थ्यांनीं 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठीं वसतिगृहें आणि वर्ग सोडले होते. त्या हिंवाळ्यांत काढलेल्या शाळेच्या चित्रांत मागच्या रांगेंतील एखाद्या मुलानें गांधी टोपी घातली असेल, तर ती नुसती टोपी नव्हे. आणि ती कोणाच्याच डोक्यावर नसेल, तर तेंही कदाचित् मास्तरांच्या सूचनेवरून असेल.

कपडे आणि कागद दोन्ही थकले म्हणजे माणसें मोजावीं. पारशी, हिंदु, मुसलमान खेळाडू एकाच संघांत आणि मध्यें साफा बांधलेला तरुण राजा, असें चित्र दिसलें कीं प्रथम १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्याचा विचार मनांत यावा. त्या संघाचे नायक पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग हे अवघे विशीचे होते. त्या संघांत पालवणकर बाळू होते. त्यांनीं त्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले.

चांभार कुटुंबांत जन्मलेल्या बाळूंची डावखुरी गोलंदाजी पुण्याच्या हिंदु संघाला हवी होती. परंतु चहाच्या सुट्टींत त्यांना तंबूबाहेर, मातीच्या परळांत चहा दिला जाई. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातीं जात असे, ही गोष्ट कोणास खटकली नाहीं. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धावांनीं हरविलें, त्या विजयांत बाळू आणि त्यांचे बंधु शिवराम हे दोघेही होते. तरीही संघाचें नायकत्व बाळूंना कधीं मिळालें नाहीं. १९२० सालीं त्यांना डावलून दुसऱ्यास नायक नेमलें, तेव्हां शिवराम व विठ्ठल हे दोघे बंधु संघांतून बाजूस झाले. बाळूंची कारकीर्द त्याच हंगामांत संपली. १९२३ सालीं मात्र विठ्ठल हिंदूंचे नायक झाले आणि त्यांच्या संघानें चौरंगी स्पर्धा जिंकली.

हिंदु संघाच्या चित्रांचीं सालें लावतांना ही हकीकत कोणत्याही टोपीपेक्षां भरंवशाची ठरते. बाळू खेळाडूंच्या रांगेंत आहेत आणि मधल्या खुर्चीवर दुसराच कोणी आहे, तर चित्र १९२० च्या हंगामाचें किंवा त्याआधींचें. मधल्या खुर्चीवर विठ्ठल आहेत, तर तें १९२३ पूर्वींचें असूं शकत नाहीं. एखाद्या चित्राखालीं कोणी मागाहून आठवणीनें '१९१३' असें लिहून ठेवलें असेल आणि मध्यें विठ्ठल बसलेले असतील, तर तो आंकडा निःशंकपणें खोडावा. तो तसाच ठेवला तर पालवणकर बंधूंना त्या खुर्चीसाठीं जीं वर्षें थांबावें लागलें, तीं चित्रांतून नाहींशीं होतात.