हमीची जागा ते डे झीरो: कॉलेजातून लागणाऱ्या नोकरीचा इतिहास

आजचा विषय इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही, पण इथे बसलेल्या निम्म्या मंडळींच्या घरात तो रोज बोलला जातो. "कॅम्पसमधून काही झालं का?" हा प्रश्न. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी, मामा, आत्या, सगळे हाच प्रश्न विचारतात. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर किंवा ग्रुपवर एक यादी लागते. त्यात नाव असेल तर पुढची परीक्षा, पुढची मुलाखत. नसेल तर त्या दिवशी घरी जायचा रस्ता लांब वाटतो.

ही यादी कुठून आली, ती कोण करतं आणि कोणत्या मापाने करतं, एवढंच आज बघायचं आहे. आपल्याला वाटतं की कॅम्पस प्लेसमेंट ही आयटी कंपन्यांबरोबर आलेली गोष्ट आहे. तसं नाही. शिक्षणसंस्था आणि नोकरी देणारा यांच्यातला हा करार दोनशे वर्षांहून जुना आहे.

सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीपासून करू. हिंदुस्थानात कारभार करायला कारकून आणि अधिकारी हवे होते, म्हणून कंपनीने १८०६ साली इंग्लंडमध्ये स्वतःचं कॉलेज काढलं. ते पुढे हेलीबरी या नावाने ओळखलं गेलं. तिथे प्रवेश म्हणजेच जवळजवळ नोकरी. पण प्रवेश मिळायचा तो कंपनीच्या संचालकाने नाव सुचवलं तर. म्हणजे यादी होती, आणि तिचं माप होतं ओळख. १८५५ पासून सनदी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि १८५८ मध्ये ते कॉलेज बंद पडलं. वशिल्याच्या जागी गुण आले. निदान कागदावर तरी.

आता पुण्यात येऊ. १८५४ साली इथे इंजिनिअरिंग क्लास आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झालं, तेच आजचं सीओईपी. हेतू सरळ होता: सार्वजनिक बांधकाम खात्याला, म्हणजे पीडब्ल्यूडीला, हाताखालची माणसं हवी होती. रस्ते, पूल, कालवे बांधायचे होते. संस्था निघाली तीच मुळी एका मालकासाठी.

पुढे या कॉलेजातून पदवीच्या परीक्षेत पहिला येणाऱ्याला मुंबई सरकार असिस्टंट इंजिनिअरची जागा देत असे. हमीची जागा. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर एक मुलगा पुण्याला शिकायला आला, १८८३ साली पहिला आला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत रुजू झाला. नाशिक आणि खानदेश भागात त्याने काम सुरू केलं. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ज्यांनी बसवले, तेच.

आपण ही गोष्ट हुशारीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण इतिहास शिकणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: दुसऱ्या क्रमांकाचं काय झालं? हमी पहिल्याला होती. त्याच्या मागच्यांना खात्याची गरज आणि साहेबाची मर्जी यांवर थांबावं लागे. आणि त्याच काळात इंग्लंडमध्ये कूपर्स हिल इथे दुसरं एक इंजिनिअरिंग कॉलेज चालू होतं, तेही हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठीच. वरच्या जागांवर तिथून गोरे तरुण येत. ते कॉलेज १९०६ मध्ये बंद झालं. म्हणजे पुण्याच्या वर्गात गुणवत्तेची शर्यत कितीही प्रामाणिक असली, तरी बक्षिसं किती ठेवायची हे आधीच ठरलेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

त्याच सुमाराला इंग्लंडमधल्या जुन्या विद्यापीठांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. पदवीधर वाढले, आणि सगळ्यांनाच धर्मगुरू, वकील किंवा सनदी अधिकारी व्हायचं नव्हतं. ऑक्सफर्डने १८९२ साली नेमणुकांसाठी एक समिती केली आणि केंब्रिजने थोड्याच वर्षांत तोच मार्ग धरला. आज ज्याला आपण प्लेसमेंट सेल म्हणतो, त्याचं हे विद्यापीठीय रूप. पदवीधराने नाव नोंदवायचं, शिक्षकांनी शिफारस द्यायची, समितीने शाळांना आणि कंपन्यांना कळवायचं. इथलं माप होतं शिफारस. मालकाला मुलगा माहीत नाही, पण त्याचा प्राध्यापक माहीत आहे. आजही "कोणत्या कॉलेजचा?" हा पहिला प्रश्न असतो, त्याचं मूळ इथे आहे.

इंटर्नशिपची कहाणी थोडी निराळी आहे. हा शब्द आपल्याकडे आला डॉक्टरांकडून. पण इंजिनिअरिंगमध्ये शिकता शिकता काम ही कल्पना १९०६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने प्रत्यक्षात आणली. सत्तावीस विद्यार्थी होते. जोड्या लावल्या. एक आठवडा जोडीतला एक कारखान्यात आणि दुसरा वर्गात, पुढच्या आठवड्यात उलट. कारखान्यातली जागा कधी रिकामी राहिली नाही, म्हणून मालक खूश. आणि मुख्य म्हणजे त्या कामाचे पैसे मिळत. बघा, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सुरू झालेली ही पद्धत पगारी होती. आज "अनुभव मिळतोय ना, मग पैसे कशाला?" असं कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगायला हरकत नाही.

आता एक उदाहरण जरा बाजूचं वाटेल, पण ते विषयाच्या अगदी गाभ्याचं आहे. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीबरोबर बॉण्ड होता: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. नेमणूक मोठी होती, खुद्द महाराजांच्या लष्करी सचिवाची. पण शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही जमावाने बाहेर काढलं, आणि त्यांना बडोदा सोडावं लागलं. पदवी होती, यादीत नाव होतं, ऑफर लेटर होतं असंच म्हणा. तरी नोकरी टिकली नाही, कारण नोकरीला लागून जे गाव असतं त्याने दार लावून घेतलं. यादी न्याय्य असणं पुरेसं नसतं, हे या एका प्रसंगाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. आज तालुक्याच्या गावातून निघून हिंजवडीत किंवा बंगळुरूत रुजू होणाऱ्या मुलीला डिपॉझिटचे पैसे आणि खोली मिळवताना काय होतं, हा प्रश्नही प्लेसमेंटचाच भाग आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारने आणखी एक यादी आणली. १९४५ साली युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली, पुढे ती सर्वांसाठी खुली झाली. १९५९ साली रिकाम्या जागा तिथे कळवण्याची सक्ती करणारा कायदा झाला. इथे बसलेल्या ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील: पदवी हातात पडली की आधी नाव नोंदवायचं, कार्ड जपून ठेवायचं, मुदतीत नूतनीकरण करायचं आणि 'कॉल'ची वाट पाहायची. इथलं माप होतं रांग. रांगेत एक न्याय असतो, पण रांग पुढेच सरकली नाही तर तो न्याय कुणाच्या पोटाला लागत नाही. साठच्या दशकाच्या शेवटी मंदी आली आणि ज्या इंजिनिअरांना देशाचे शिल्पकार म्हटलं गेलं, तेच बेकार म्हणून वर्तमानपत्रांत दिसू लागले.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही १९७३ च्या. शिकाऊ उमेदवारांचा कायदा, म्हणजे ॲप्रेंटिसेस ॲक्ट, १९६१ चा होता, पण तो मुख्यतः आयटीआयच्या कारागिरांसाठी. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर त्यात आले. मोठ्या कारखान्यांना त्यांना प्रशिक्षणासाठी घ्यावं लागलं, स्टायपेंड द्यावा लागला, आणि त्यातला अर्धा वाटा केंद्र सरकारने उचलला. दुसरीकडे पिलानीच्या बिट्स संस्थेने त्याच वर्षी प्रॅक्टिस स्कूल सुरू केलं. विद्यार्थी काही महिने उद्योगात राहून काम करतात आणि त्याचे गुण पदवीत धरले जातात.

त्याच्या पुढच्याच वर्षीची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती यांनी, नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात पाहिली. खाली एक ओळ होती: महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, मुलाखत पुण्यात झाली आणि निवड झाली. त्यांनी स्वतः ही हकिगत लिहिली आहे.

ही गोष्ट आपण धाडसाची म्हणून सांगतो. मी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. ती ओळ कुणी लिहिली? कुण्या दुष्ट माणसाने नव्हे. कारखान्यात पाळ्या, शॉपफ्लोअर, गैरसोय, असा विचार करून कुणीतरी सोय म्हणून ती लिहिली असणार. पात्रतेच्या अटी बहुतेक वेळा अशाच जन्माला येतात: मालकाची सोय, आणि मग तिचाच नियम होतो. विचारणारं कुणी भेटलं की कळतं, तो नियम दगडात कोरलेला नव्हता. पण पोस्टकार्डाने दार उघडतं ते एकीसाठी. हजारोंसाठी उघडायचं तर त्याच सुमाराला झाली तशी कायद्याची दुरुस्ती लागते.

आता आपल्या ओळखीच्या काळात येऊ. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. सांगली, कोल्हापूर, नगर, अमरावतीच्या भागातली मुलं देणगी भरून का होईना, घराजवळ इंजिनिअर होऊ लागली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वायटूकेच्या निमित्ताने सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसं कमी पडू लागली, तेव्हा त्यांनी याच कॉलेजांच्या दारात बस थांबवल्या. शाखा कोणतीही चालेल: सिव्हिल, मेकॅनिकल, काहीही. टीपीओ हे पद कॉलेजात प्राचार्यांच्या खालोखाल महत्त्वाचं झालं. प्रवेशाच्या जाहिरातीत ग्रंथालयाच्या आधी प्लेसमेंटची टक्केवारी छापली जाऊ लागली.

गर्दी एवढी झाली की चाळणी लागली. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ टक्के. चालू बॅकलॉग नको. शिक्षणात खंड नको. ही अट वाचायला किती निरुपद्रवी आहे! पण विचार करा. दहावीच्या वर्षी ज्या मुलाचे वडील आजारी पडले आणि अठ्ठावन्न टक्के मिळाले, तो सहा वर्षांनी इंजिनिअरिंगला उत्तम गुण मिळवूनही परीक्षेला बसू शकत नाही. साठ हा आकडा काही शास्त्राने ठरवलेला नाही. हजार अर्जांचे तीनशे करायची ती सोय आहे.

वरच्या संस्थांत वेगळं नाटक. आयआयटीत एक डिसेंबरला प्लेसमेंटचा हंगाम सुरू होतो, पहिला मान मोठ्या पगारांच्या कंपन्यांना, त्याला डे झीरो म्हणतात. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपमधून प्री-प्लेसमेंट ऑफर मिळते, म्हणजे खरी शर्यत एक वर्ष आधीच सुरू होते. काही कंपन्यांच्या अर्जात प्रवेश परीक्षेचा क्रमांकही विचारला जातो, आणि त्यातून राखीव प्रवर्ग ओळखू येतो, असा आक्षेप विद्यार्थ्यांनी घेतलेला आहे. कूपर्स हिलची आठवण होते ती इथे: शर्यत तीच, पण बक्षिसं कुणाच्या आवाक्यात ठेवायची ते आधीच ठरतं.

मग या सगळ्याचा हिशोब काय? गरज असते तेव्हा मालक स्वतःहून दार सताड उघडतो. १९९९ ला उघडलं. गरज सरली की ते मिटतं. २००८-०९ मध्ये ऑफर लेटर हातात असलेली मुलं जॉइनिंगच्या तारखेची वाट बघत घरी बसली. टिकाऊ बदल झाला तो तिसऱ्या कुणीतरी हात घातला तेव्हा: सिनसिनाटीत एका प्राध्यापकाने, १९७३ मध्ये संसदेने. म्हणून २०२४ साली केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली, महिना पाच हजारांची, आणि राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, पदवीधराला सहा महिने दहा हजारांची, तेव्हा टाळ्या किंवा टीका यांच्या आधी एकच गोष्ट पाहावी: प्रशिक्षण संपल्यावर त्या मुलाला कुणी ठेवून घेतं का?

विद्यार्थ्यांना शेवटी एवढंच सांगतो. यादीत नाव नसलं तर ती तुमच्या लायकीवरची सही समजू नका. यादीचं माप ओळख होतं, मग पहिला नंबर झालं, शिफारस झालं, रांग झालं, साठ टक्के झालं. माप बदलत आलं आहे. ऑफर लेटर मिळालं तर बॉण्ड किती वर्षांचा, मोडला तर किती रक्कम आणि रुजू व्हायची तारीख लेखी आहे का, हे सही करण्याआधी वाचा. आणि इथे जे प्राध्यापक आणि टीपीओ बसले आहेत त्यांना विनंती: कंपनी अट पाठवते तेव्हा ती तशीच बोर्डावर लावण्याआधी एकदा फोन करून विचारा, "ही अट कशासाठी?" पाचातली एक कंपनी जरी म्हणाली की बरं, दहावीचं सोडून देऊ, तर त्या एका फोनने कुणाचा तरी घरी जायचा रस्ता लहान होईल.