डार्ट्सचा हंगाम कसा चालतो? टूर कार्ड, दोन वर्षांचा पैशांचा हिशोब आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपपर्यंतचा रस्ता

जानेवारी २०२४. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये डार्ट्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल सुरू होती आणि स्टेजवर एक १६ वर्षांचा मुलगा उभा होता. त्याचं नाव ल्यूक लिटलर. फायनल तो ल्यूक हम्फ्रीजकडून ७-४ असा हरला. पण स्पर्धा सुरू होताना जागतिक क्रमवारीत १६४ वा असलेला हा मुलगा स्पर्धा संपली तेव्हा थेट ३१ वा झाला होता.

एका स्पर्धेत एवढी उडी कशी काय? आणि १६४ व्या क्रमांकाच्या खेळाडूला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये प्रवेश तरी कसा मिळाला?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं व्यावसायिक डार्ट्सच्या रचनेत आहेत. रील्समध्ये १८० चा जल्लोष आणि रंगीबेरंगी कपड्यातले प्रेक्षक दिसतात, पण त्यामागे वर्षभर चालणारी रोजीरोटीची लढाई असते. ती नेमकी कशी चालते, ते पाहू.

आधी खेळ, थोडक्यात

दोन्ही खेळाडू ५०१ गुणांपासून सुरुवात करतात. प्रत्येक पाळीत तीन डार्ट मिळतात आणि मिळवलेले गुण ५०१ मधून वजा होत जातात. जो आधी बरोबर शून्यावर येतो, तो ‘लेग’ जिंकतो. अट एकच, शेवटचा डार्ट ‘डबल’मध्ये, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या अरुंद पट्टीत किंवा अगदी मधल्या बुल्समध्ये लागला पाहिजे. तीन डार्टमध्ये जास्तीत जास्त १८० गुण मिळतात. कमीत कमी नऊ डार्टमध्ये लेग संपवता येतो, त्याला ‘नाईन डार्टर’ म्हणतात. बोर्डाचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर असतो आणि खेळाडू २.३७ मीटर अंतरावरून फेकतो.

स्पर्धा भरवतं कोण?

प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन, म्हणजेच पीडीसी. ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनशी बिनसल्यानंतर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आघाडीच्या खेळाडूंनी वेगळी चूल मांडली, त्यातून ही संस्था उभी राहिली. टीव्हीवर दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या स्पर्धा तिच्याच आहेत. त्यामुळे ‘डार्ट्सचा हंगाम’ म्हटलं की साधारणपणे पीडीसीचा हंगाम असाच अर्थ होतो.

टूर कार्ड: १२८ जणांची नोकरी

पीडीसीच्या मुख्य सर्किटवर १२८ खेळाडूंना ‘टूर कार्ड’ मिळतं. हे कार्ड म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांमध्ये उतरण्याचा परवाना. ते नसेल तर बहुतेक दारं बंद.

वर्ल्ड चॅम्पियनशिप संपली की क्रमवारीतल्या पहिल्या ६४ जणांचं कार्ड कायम राहतं. नवीन कार्ड दोन वर्षांसाठी मिळतं, त्यामुळे ज्यांचं पहिलंच वर्ष संपलंय त्यांनाही अभय असतं. बाकीच्यांचं कार्ड जातं.

म्हणून डिसेंबरमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप पाहताना लक्षात ठेवा, स्टेजवर एकाच वेळी दोन स्पर्धा चालू असतात. एक ट्रॉफीसाठी आणि दुसरी ६४ व्या जागेसाठी. साठीच्या आसपास असलेल्या खेळाडूला पहिल्या फेरीतला एक विजय पुढच्या वर्षाची नोकरी मिळवून देऊ शकतो. त्याची मॅच हायलाइट्समध्ये येणार नाही, पण त्याच्यासाठी ती फायनलपेक्षा मोठी असते.

क्यू-स्कूल: कार्ड मिळवण्याची परीक्षा

कार्ड गेलेले आणि कार्ड हवे असलेले सगळे जानेवारीत ‘क्यू-स्कूल’ला जमतात. नाव शाळेचं असलं तरी ही पात्रता स्पर्धा आहे. ब्रिटनमधली मिल्टन कीन्सला होते आणि युरोपातली अलीकडे जर्मनीच्या काल्कारला.

नवख्यांना आधी पहिला टप्पा पार करावा लागतो. नुकतंच कार्ड गमावलेले खेळाडू थेट शेवटच्या टप्प्यात येतात. तिथे रोज नवी स्पर्धा होते आणि ती जिंकणाऱ्याला थेट कार्ड मिळतं. उरलेली कार्डं सगळ्या दिवसांचे गुण एकत्र करून वाटली जातात.

इथे जुन्या नावाला सवलत नाही. पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला नेदरलँड्सचा रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्ड निवृत्तीनंतर परत आला, तेव्हा २०२१ मध्ये त्यालाही क्यू-स्कूलच्या रांगेत उभं राहावं लागलं. त्याने कार्ड मिळवलं. वेल्सचा गेर्विन प्राईस व्यावसायिक रग्बी खेळायचा. २०१४ मध्ये तो क्यू-स्कूलमधून आला आणि २०२१ मध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला.

ऑर्डर ऑफ मेरिट: क्रमवारी म्हणजे बक्षिसाचे पैसे

टेनिससारखे रँकिंग पॉइंट्स डार्ट्समध्ये नसतात. मुख्य क्रमवारीचं नाव ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ आणि तिचा हिशोब सरळ आहे. गेल्या दोन वर्षांत मानांकन असलेल्या स्पर्धांमधून किती पौंड जिंकले, तेच तुमचे गुण.

यातली मेख ‘दोन वर्षं’ या शब्दांत आहे. आज जिंकलेले पैसे दोन वर्षांनी हिशोबातून गळतात. उदाहरणार्थ, हम्फ्रीजने जानेवारी २०२४ मध्ये ५ लाख पौंड जिंकले. २०२६ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप संपताच ते हिशोबातून वजा झाले. यावेळी तो क्वार्टर फायनलमध्ये हरला, म्हणजे त्याबदल्यात जमा झाले १ लाख. कॉमेंटेटर ‘तो पैसे डिफेंड करतोय’ असं म्हणतात ते यामुळेच.

लिटलरच्या उडीचं कोडंही इथे सुटतं. उपविजेतेपदाचे २ लाख पौंड एका फटक्यात त्याच्या खात्यात आले आणि शंभराहून जास्त खेळाडू मागे पडले.

प्रो टूर: कॅमेऱ्यामागचा हंगाम

हंगामाचा कणा आहे ‘प्रो टूर’. त्याचे दोन भाग आहेत.

पहिला, प्लेअर्स चॅम्पियनशिप. २०२५ मध्ये अशा ३४ स्पर्धा झाल्या. एका हॉलमध्ये ओळीने बोर्ड लावलेले असतात, प्रेक्षक नसतात आणि १२८ जणांमधून विजेता एकाच दिवसात ठरतो. त्या वर्षी विजेत्याला १५ हजार पौंड मिळाले. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती काहीच पडलं नाही. प्रवास आणि हॉटेलचा खर्च मात्र त्याचा त्यालाच करावा लागतो.

दुसरा भाग युरोपियन टूर. वीकेंडला होणाऱ्या या स्पर्धांमध्ये ४८ खेळाडू असतात, त्यातल्या बऱ्याच जर्मनीत होतात आणि हॉल गच्च भरलेले असतात. २०२५ मध्ये अशा १४ स्पर्धा होत्या. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंना थेट प्रवेश मिळतो, उरलेल्या जागा पात्रता फेऱ्यांतून आणि यजमान देशाच्या खेळाडूंमधून भरतात. इथे एक पेचही आहे. मानांकित खेळाडू पहिलीच मॅच हरला तर त्याला पैसे मिळतात, पण क्रमवारीसाठी ते धरले जात नाहीत.

या दोन्हींतून मिळालेल्या पैशांची एका वर्षाची वेगळी यादी असते, ती ‘प्रो टूर ऑर्डर ऑफ मेरिट’. कार्ड नुकतंच मिळालेल्या खेळाडूचं सगळं लक्ष या यादीवर असतं. दोन वर्षांच्या यादीत तो शून्यापासून सुरुवात करतो, इथे मात्र एका चांगल्या वर्षात वर येता येतं.

वर्षाचं कॅलेंडर आणि प्रवेशाचे नियम

प्रीमियर लीग (फेब्रुवारी ते मे): फक्त ८ खेळाडू. क्रमवारीतले पहिले चार आपोआप येतात, बाकी चौघांना निमंत्रण मिळतं. ही चार नावं जाहीर झाली की चाहत्यांमध्ये दरवर्षी वाद रंगतो. दर गुरुवारी नवं शहर आणि शेवट लंडनच्या ओटू अरीनात. बक्षीस मोठं, पण ते क्रमवारीत धरलं जात नाही.

यूके ओपन (फेब्रुवारी-मार्च, माइनहेड): सगळ्यांत मोकळी स्पर्धा. सगळे टूर कार्डधारक आणि त्यांच्यासोबत पात्रता फेऱ्यांतून आलेले हौशी खेळाडूही. सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर मानांकनाचं संरक्षण नाही, चिठ्ठी निघेल तो प्रतिस्पर्धी.

वर्ल्ड मॅचप्ले (जुलै, ब्लॅकपूल): ३२ खेळाडू. १६ मुख्य क्रमवारीतून, १६ प्रो टूर यादीतून. फिल टेलरने ही स्पर्धा १६ वेळा जिंकली, म्हणून ट्रॉफीला त्याचंच नाव आहे.

वर्ल्ड ग्रां प्री (ऑक्टोबर, लेस्टर): प्रवेशाचा नियम मॅचप्लेसारखाच. फरक खेळात आहे. इथे लेग संपवतानाच नाही तर सुरू करतानाही डबल लागतो.

युरोपियन चॅम्पियनशिप (ऑक्टोबर): फक्त युरोपियन टूरच्या कमाईतले पहिले ३२. वीकेंडच्या स्पर्धा चुकवल्या तर जगातला अव्वल खेळाडूही बाहेर राहू शकतो.

ग्रँड स्लॅम (नोव्हेंबर, वुल्व्हरहॅम्प्टन): २०२५ मध्ये ३२ खेळाडू, चार-चारचे गट. मोठ्या स्पर्धांच्या विजेत्यांना आणि उपविजेत्यांना प्राधान्य.

प्लेअर्स चॅम्पियनशिप फायनल्स (नोव्हेंबर, माइनहेड): त्या ३४ छोट्या स्पर्धांच्या कमाईतले पहिले ६४.

वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पोहोचतात कसे?

२०२६ च्या स्पर्धेपासून खेळाडूंची संख्या ९६ वरून १२८ झाली. एकूण बक्षीस ५० लाख पौंड आणि विजेत्याला १० लाख, म्हणजे साधारण १२ कोटी रुपये. ही स्पर्धाही लिटलरनेच जिंकली.

या १२८ जागांसाठी तीन वाटा आहेत.

• ४० खेळाडू मुख्य ऑर्डर ऑफ मेरिटमधून
• ४० खेळाडू एका वर्षाच्या प्रो टूर यादीतून
• उरलेले ४८ देशोदेशीच्या पात्रता स्पर्धा, प्रादेशिक टूर, महिला मालिका आणि युवा स्पर्धांतून

१६४ व्या क्रमांकाचा लिटलर अशाच तिसऱ्या वाटेने आला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने युवा वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली होती.

बाजूचे रस्ते

कार्ड नसलेल्यांसाठी ‘चॅलेंज टूर’ आणि तरुणांसाठी ‘डेव्हलपमेंट टूर’ असते. दोन्हींत आघाडीवर राहणाऱ्यांना क्यू-स्कूलशिवाय कार्ड मिळतं. इलेक्ट्रिशियन असलेला रॉब क्रॉस २०१६ मध्ये हौशी पात्रता फेरीतून यूके ओपन खेळला, त्याच वर्षी चॅलेंज टूरमध्ये पहिला आला आणि त्यातून कार्ड मिळवलं. पहिल्याच वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये, १ जानेवारी २०१८ ला, त्याने फिल टेलरला ७-२ ने हरवलं. पीडीसीमधली टेलरची ती शेवटची मॅच होती.

टूर कार्ड पुरुषांपुरतंच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये फॅलन शेरॉकने टेड एव्हेट्सला हरवलं. पीडीसी वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मॅच जिंकणारी ती पहिली महिला. पुढच्या फेरीत तिने मेन्सूर सुल्योविचलाही बाहेर काढलं. बो ग्रीव्ह्जने २०२५ मध्ये डेव्हलपमेंट टूरमधून, म्हणजे मुलांशी खेळूनच, २०२६ साठी टूर कार्ड मिळवलं.

आणि भारत?

भारतीय खेळाडूसाठी दार उघडतं ते तिसऱ्या वाटेवर, देशाच्या पात्रता स्पर्धेतून. नितीन कुमारने तिथून अलेक्झांड्रा पॅलेसचं स्टेज अनेकदा गाठलं, पण विजय हुलकावणी देत राहिला. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नेदरलँड्सच्या रिचर्ड फीनस्ट्राला हरवलं. या स्पर्धेत मॅच जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याच स्पर्धेत सिंगापूरच्या पॉल लिमने वयाच्या ७१ व्या वर्षी मॅच जिंकली.

मॅच बघताना काय पाहाल?

पुढच्या वेळी फीडमध्ये डार्ट्सची क्लिप आली तर स्कोअरसोबत एक प्रश्न विचारा, हा खेळाडू कशासाठी खेळतोय? ट्रॉफीसाठी, दोन वर्षांपूर्वीचे पैसे राखण्यासाठी, की ६४ वी जागा टिकवण्यासाठी? डबलवरचा एक चुकलेला डार्ट वरच्या खेळाडूला एका ट्रॉफीला मुकवतो. तळाच्या खेळाडूला तोच डार्ट जानेवारीत पुन्हा क्यू-स्कूलच्या रांगेत उभं करतो.